तेरावा सभासद

फोन वाजला तेव्हा बाई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून नववीच्या वह्या मोठ्याने वाचत होत्या. ही त्यांची जुनी खोड. घरात दुसरं बोलणारं कुणी नसलं, की मुलांची उत्तरं तरी कानावर पडतात. ‘नगरपालिकेची कर्तव्ये सांगा’ या प्रश्नाला एका पठ्ठ्याने ‘पालिकेने आपली कर्तव्ये वेळेवर पार पाडावीत’ असं एका ओळीत उरकलं होतं. दोनपैकी अर्धा गुण द्यावा की अनुभवाचा म्हणून पूर्ण एक, या विचारात त्या होत्या.

फोनवर मुख्याध्यापक होते. सकाळी नऊला मुख्याध्यापकांचा फोन म्हणजे कुणीतरी रजेवर किंवा कुणीतरी अडचणीत.

“बाई, तुमच्या नववीतल्या त्या मुलीने, प्रश्नपेढीने, पालिकेच्या दप्तरातलं पान कापलंय.”

बाईंनी पेन खाली ठेवलं.

बाकीचं सर एका दमात बोलले. काल, बुधवारी, बाईंचा वर्ग दरवर्षीप्रमाणे पालिकेच्या रेकॉर्ड रूममध्ये गेला होता. पहिल्या निवडून आलेल्या सभेच्या इतिवृत्ताची वही त्या मुलीच्या हातात दिली होती. त्या वहीतलं सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस हे पान गायब आहे. स्कॅनिंग अजून व्हायचंय, पण तीन आठवड्यांपूर्वी त्यासाठी पानं मोजली तेव्हा ते होतं, तसा दाखलाच मागच्या पुठ्ठ्यावर आहे. त्यानंतर ती वही नोंदवहीत सही करून घेणारी एकटी हीच. मुख्याधिकारी साहेब तापलेत. शनिवारी दुपारपर्यंत मुलीने लेखी माफी द्यायची, नाहीतर पोलिसांत तक्रार. आणि तक्रार झालीच, तर शाळेलाही तिचा दाखला तिच्या हातात ठेवावा लागेल.

“पान नाही हे तिनेच सांगितलं ना, सर?”

“साहेब म्हणतात, आधी ओरडणारा आधी सुटतो.”

बाईंना मार्चअखेर निवृत्ती होती. सव्वीस वर्षं त्यांनी नागरिकशास्त्र राज्याच्या इतिहासातून शिकवलं, कारण नुसतं नागरिकशास्त्र शिकवलं की मुलं झोपतात. राज्य नवं झालं, त्या साली गावात पहिल्यांदा निवडणूक झाली, तेरा वॉर्डांतून तेरा माणसं निवडून आली, आणि पहिल्याच वर्षी शाळेलगतचं मोकळं मैदान गोदामासाठी विकायचा ठराव आला. अकरा मतं बाजूने, एक विरुद्ध. नव्या राज्याचा कायदा असा, की ठराव एकमताने झाला नाही तर विक्री राज्याच्या परवानगीला जायची. ती गेली, आणि तिथे अडली. मैदान वाचलं ते एका मतावर. या एका मतावर बाईंचा अख्खा विषय उभा होता.

आणि ते एक मत देणारे आजोबा, सातव्या वॉर्डाचे त्या वेळचे सर्वांत तरुण सभासद, अजून हयात होते. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. दरवर्षी रेकॉर्ड रूममध्ये खुर्चीत बसून ते मुलांना सांगत, “अकरा हात वर होते. माझा खाली होता.” मुलं टाळ्या वाजवत. आजोबा वर्षभर त्या टाळ्यांवर काढत असावेत, असा बाईंचा अंदाज होता.

शाळेत मधल्या सुट्टीत बाईंनी मुलीला प्रयोगशाळेच्या मागच्या बाकावर बसवलं. तिला वर्गात प्रश्नपेढी म्हणत, आणि तिला त्याचं काही वाटत नसे.

“वही तुझ्या हातात कधी आली?”

“बारा वीसला. सही आहे.”

“परत?”

“बारा चाळीसला. शेहेचाळीसनंतर एकदम एकोणपन्नास आलं. मी पुन्हा पुन्हा पाहिलं आणि रेकॉर्डकीपर भाऊंना दाखवलं. ते म्हणाले, जुनं दप्तर आहे, गळलं असेल.”

“तुला तेच पान कशाला हवं होतं?”

मुलीने बोटं पुढे केली, जणू मोजूनच दाखवणार. “बाई, सभासद तेरा, अध्यक्ष धरून. अकरा आणि एक बारा. तेरावा कुठे होता?”

सव्वीस वर्षं बाई फळ्यावर तेरा लिहीत होत्या, त्याखाली अकरा आणि एक लिहीत होत्या, आणि ही वजाबाकी त्यांनी कधी केली नव्हती.

तेवढ्यासाठीच तर मुलीने यंदा हट्ट धरला होता, की काचेतून वही पाहून काय उपयोग, आम्हाला पान निवडू द्या. मग बाईंनी चिठ्ठीची पद्धत काढली: ज्याला जे पान पाहायचंय त्याने आठवडाभर आधी चिठ्ठी लिहून द्यायची. बेचाळीस जणांच्या वर्गातून एकच चिठ्ठी आली होती. ती बाईंनी स्वतः बंद पाकिटातून भाऊंच्या हातात नेऊन दिली होती.

“मावशी म्हणते, लिहून टाक माफी,” मुलगी म्हणाली. ती मावशीकडे राहायची. मावशी शिवणकाम करायची आणि पोलीस या शब्दाला घाबरायची. “लिहू?”

“तू कापलंस?”

“नाही.”

“मग?”

“मीही मावशीला तेच म्हटलं,” मुलगी म्हणाली.

चारच्या सुमाराला बाई पालिकेत पोचल्या. रेकॉर्ड रूम तळमजल्याच्या टोकाला. वाटेत जन्ममृत्यूची खिडकी, पाणीपट्टीची खिडकी, मग एक बंद पडलेला पंखा भिंतीला टेकवून ठेवलेला, आणि मग कुणीच नाही. इतक्या आत फक्त चुकलेली माणसं येत.

भाऊ टेबलाशी होते. एकतीस वर्षं याच टेबलाशी. टेबलावर पोलादी पट्टी, ब्लेड, सुईदोरा, आणि रुंद तोंडाच्या बरणीत निळसर खळ. कसर लागू नये म्हणून तिच्यात ते चिमूटभर मोरचूद घालत. फाटकं पान दिसलं, की भाऊंना जेवण सुचत नसे. शेजारी ट्रेमध्ये दोन कप होते. गुरुवार होता.

आजोबा खिडकीजवळच्या खुर्चीत होतेच. दर गुरुवारी चारला ते काठी टेकत यायचे, साडेपाचला जायचे. भाऊंची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, आजोबांचं घरातलं शेवटचं माणूस त्याहून आधी गेलं होतं. भाऊ त्यांना काका म्हणत; दोघं फारसं बोलत नसत. चहा मात्र अगदी वेळेवर होई.

“काल फार वाईट झालं हो,” आजोबा म्हणाले. भाऊंनीच उठून त्यांच्या हातातला कप बशीवर ठेवला. “एवढीशी पोर. ती कशाला कापेल?”

“तुम्हाला त्या सभेचं काही आठवतं, आजोबा? तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

आजोबा खिडकीबाहेर पाहत राहिले. “गर्दी होती,” ते म्हणाले. “फार गर्दी होती.”

बाईंनी वही मागितली. भाऊंनी ती दोन्ही हातांनी, बाळ द्यावं तशी दिली.

शेहेचाळीसनंतर एकोणपन्नास. मध्ये कापल्याची खूणसुद्धा नाही. ब्लेड अगदी शिवणीच्या टाक्याला लावून, पट्टी धरून चालवलेलं. बाईंनी मागे पानं उलटली. वही आठ-आठ पानांचे गठ्ठे शिवून केलेली होती. मधोमध दुमडलेल्या एकेका तावाची दोन पानं, एक गठ्ठ्याच्या सुरुवातीला, एक शेवटाला. सत्तेचाळीसचा जोडीदार तेहेतीस. त्यांनी तेहेतीसावं पान हलकेच ओढून पाहिलं. ते घट्ट होतं. त्याच्या कडेला एक पातळ, निमुळती पट्टी चिकटवलेली होती, बोटाला गुळगुळीत लागणारी.

मग त्यांनी एकोणपन्नासावं पान वाचलं. पुढच्या महिन्याची सभा. सुरुवातीला नेहमीचाच मजकूर, जो कुणी वाचत नाही: ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम. वॉर्ड सातचे सभासद यांची मागील सभेतील गैरहजेरी, प्रकृतीच्या कारणास्तव, माफ.’

बाईंनी वही मिटली.

“भाऊ, तो वरचा गठ्ठा कसला?”

रॅकच्या माथ्यावर फितीने बांधलेला एक गठ्ठा होता. त्यावर भाऊंच्या अक्षरात: ‘नष्ट करावयाचे, समितीच्या मंजुरीसाठी.’

“तो होय?” भाऊ हसले. “समिती अकरा वर्षांत बसली नाही. आणि मंजुरीशिवाय इथून रद्दीचा कपटासुद्धा बाहेर जात नाही, बाई. मी जाईन पेन्शनीत, तो गठ्ठा इथेच राहील.”

शुक्रवार बाईंनी घरी काढला. कपाटातून वर्गाच्या अभिरूप सभेची जुनी वही काढली. पहिल्या वर्षापासून मुलांनी लिहिलेलं इतिवृत्त, सव्वीस वर्षांचं, वेगवेगळ्या अक्षरांतलं. पहिल्याच सभेची नोंद त्यांनी तीनदा वाचली, तिसऱ्यांदा मोठ्याने. मग दिवा न लावताच तशाच बसून राहिल्या. दुपार होती, दिव्याची गरजही नव्हती; पण घरात कुणी असतं तर विचारलं असतं, बाई, काय झालं?

शनिवारी अकराला सगळे रेकॉर्ड रूममध्ये जमले. मुख्याधिकारी साहेब उभेच राहिले, खुर्ची आजोबांची असल्यासारखी. सर, मुलगी, मुलीची मावशी; आजोबांना बोलावलं नव्हतं. भाऊ आपल्या टेबलामागे. साहेबांच्या हातात टाइप केलेली तक्रार होती.

“माफी आणलीय का?” साहेबांनी विचारलं.

“नाही,” बाई म्हणाल्या. “पाच मिनिटं द्या, साहेब. तास घेतल्यासारखं बोलेन, सवय आहे. ही वही पाहा. सत्तेचाळीसावं पान टाक्याला लावून कापलंय, कापल्याचं दिसू नये म्हणून. पण तिथून कापलं की त्याचा जोडीदार, हे तेहेतीसावं, सुटून हातात यायला हवं. ते आलं का? ओढून पाहा.”

साहेबांनी ओढून पाहिलं.

“चोराने ते चिकटवलंय. पट्टी लावून, खळ लावून. ही खळ वजनाखाली रात्रभर वाळावी लागते. मुलीच्या हातात वही वीस मिनिटं होती, तीही चाळीस पोरांच्या गराड्यात. तिने वही उघडली तेव्हा पान आधीच गेलेलं होतं.”

सर म्हणाले, “मग स्कॅनिंगवाले?”

“त्यांना पान कशाला हवं? आणि चोरी करून उरलेल्या पानाची काळजी कोण घेतं, सर? एक पान कापल्यावर दुसरं पडेल, ते पडू नये म्हणून जो रात्रभर वजन ठेवतो, त्याला वही आवडते. पट्टीच्या कडेला निळसर झाक आहे. मोरचूद.”

कुणीच बरणीकडे पाहिलं नाही. त्यामुळे सगळ्यांनी पाहिल्यासारखंच झालं.

“हिला तेच पान हवंय हे आठवडाभर आधी तिघांनाच माहीत होतं,” बाई म्हणाल्या. “तिला, मला, आणि जिथे मी चिठ्ठी दिली तिथे. भाऊ, मी चुकतेय का?”

भाऊंनी पोलादी पट्टी उचलली, टेबलाच्या कडेला सरळ लावून ठेवली.

“पण कशासाठी?” साहेबांचा आवाज उतरला होता.

“तेही इथेच लिहिलंय. प्रत्येक सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होतं, आणि जो गैरहजर होता त्याची गैरहजेरी तिथेच माफ होते. हे मी दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी स्वतः वाचत नाही.” बाईंनी एकोणपन्नासावं पान उघडून मुलीपुढे धरलं. “वाच.”

मुलीने वाचलं. वॉर्ड सातपाशी ती थांबली. “सात म्हणजे आजोबा,” ती म्हणाली. “तेरावे ते होते. म्हणजे त्यांनी मत दिलंच नाही.”

“ते त्या सभेत नव्हतेच,” बाई म्हणाल्या.

मग भाऊ बोलले. खालीच पाहून, एखादी नोंद वाचून दाखवावी तसे. चिठ्ठी आली तेव्हा त्यांनी ते पान उघडून पाहिलं, आणि तेव्हाच त्यांना कळलं. काकांना त्यांनी विचारलं नाही. पोरं एकदा का काकांना खोटं म्हणाली, की काका या पायऱ्या पुन्हा चढणार नाहीत, एवढंच त्यांना समजलं.

“मग माझा गुरुवार राहिला नसता, बाई,” भाऊ म्हणाले. “माझ्याकडे दुसरा वार नाही.”

“आणि मुलीवर आलं तेव्हा?”

“साहेबांनी विचारलं, वही शेवटची कुणाच्या हातात होती. मी नोंदवही पाहून सांगितलं. उत्तर बरोबर होतं.” त्यांनी पट्टी पुन्हा सरळ केली. “बरोबर उत्तर देऊन माणूस इतका नीच होतो हे माहीत नव्हतं.”

मावशी पहिल्यांदाच बोलली. “पान जाळलं का तुम्ही?”

उत्तर बाईंनी दिलं. “एकतीस वर्षांत या माणसाने मंजुरीशिवाय कपटा टाकलेला नाही. साहेब, तो वरचा गठ्ठा काढायला सांगा.”

भाऊंनी स्वतःच स्टुलावर चढून तो उतरवला. फीत सोडली. अगदी वर, कोऱ्या कागदाच्या घडीत, सत्तेचाळीसावं पान होतं. घडीला टाचलेली चिठ्ठी: तारीख, अनुक्रमांक, ‘पान एक, पृष्ठे ४७-४८, समितीच्या मंजुरीच्या प्रतीक्षेत.’ चोरीचीसुद्धा त्यांनी रीतसर नोंद ठेवली होती.

मुलीने पान वाचलं. हजर बारा. विरुद्ध मत एक: वॉर्ड तीनच्या सभासद, व्यवसाय सुईण. पुढे नाव होतं. तिने ते मोठ्याने वाचलं. खोलीतल्या कुणीही ते नाव कधी ऐकलेलं नव्हतं, आणि गावातली निम्मी म्हातारी माणसं त्या बाईच्या हातावर जन्मली असणार.

साहेबांनी हातातली तक्रार दुमडली आणि फाडायला घेतली.

“फाडता नाही येणार, साहेब,” भाऊ सवयीने म्हणाले. “तिला जावक क्रमांक पडलाय.” मग त्यांनी एक कोरा कागद ओढला आणि स्वतःचा कबुलीजबाब लिहायला घेतला. मुलीकडे पाहण्याचं धैर्य त्यांना झालं नाही. तिनेच टेबलावर पडलेलं त्यांच्या पेनाचं टोपण उचलून जवळ ठेवलं.

निघताना सर हळूच म्हणाले, “म्हातारा सव्वीस वर्षं थापा मारत होता म्हणायचा.”

“नाही,” बाई म्हणाल्या. “हे राहिलंच सांगायचं. पहिल्या वर्षी मीच वर्गासमोर विचारलं होतं, ‘त्या ठरावाला विरोध करणारे तुम्हीच ना?’ ते जरा थांबले. ते उत्तर देण्याआधीच पोरांनी टाळ्या वाजवल्या. वर्गाच्या वहीत तसंच लिहिलंय: ‘पाहुणे काही बोलले नाहीत, टाळ्या झाल्या.’ त्यांना त्या खुर्चीत मी बसवलं. उठायला त्यांना जमलं नाही.”

त्याच दुपारी त्या आजोबांकडे गेल्या. काय बोलणं झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. एवढंच, की सोमवारी तिसऱ्या तासाला काठीचा आवाज जिन्यावरून वर आला.

आजोबा पुढे आले नाहीत. शेवटच्या बाकावर, एका मुलाशेजारी बसले. अभिरूप सभा सुरू झाली. मुलीने मागच्या सव्वीस वर्षांचं इतिवृत्त दुरुस्तीसह कायम करण्याचा ठराव मांडला, सुईणबाईंचं पूर्ण नाव घालून. तो मंजूर झाला.

मग तिने मागे वळून विचारलं. तिला विचारल्याशिवाय राहवतच नसे. “आजोबा, त्या दिवशी तुम्ही खरंच आजारी होतात?”

“नाही,” आजोबा म्हणाले. “ज्याला मैदान हवं होतं, त्याच्या घरात आम्ही भाड्याने राहायचो. हात वर केला असता तर लाज वाटली असती. खाली ठेवला असता तर घर गेलं असतं. मी दार लावून घरात बसलो. मैदानावरची पोरं खेळताना ऐकू येत होती.”

टाळ्या झाल्या नाहीत.

पहिल्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, की नियमाप्रमाणे गैरहजेरी पुढच्या सभेत माफ करता येते, तर वॉर्ड सातच्या सभासदांची करावी. दोघातिघांनी अनुमोदन दिलं. हात वर झाले. मुलीने मोजले: बेचाळीस. त्यात तिचाही होता.

“विरुद्ध?” बाईंनी रीत म्हणून विचारलं.

शेवटच्या बाकावर एक हात वर गेला. तो खाली आला नाही.

“पाहुण्यांना मत नसतं, बाई,” कुणीतरी कुजबुजलं.

“आज ते पाहुणे नाहीत,” बाई म्हणाल्या. “वॉर्ड सातचे सभासद हजर आहेत. मोज.”

मुलीने वहीत लिहिलं: बाजूने बेचाळीस, विरुद्ध एक. ठराव मंजूर.